मेनफ्रेमची राखण वतन होऊ नये!

दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोडच्या बुद्धविहारात भीमसैनिकांचा सागर उसळतो. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या गर्दीत पुस्तकांच्या स्टॉलवर आम्हास एक तरुण भेटला. वडील देहूरोडच्या डेपोत कामगार होते. मुलगा इंजिनिअर झाला आणि आज तळवड्याच्या एका संगणक कंपनीत नोकरी करतो. आम्ही कौतुकाने विचारले, “काय काम करतोस बाळा?” त्याने मान खाली घातली. म्हणाला, “काका, मी मेनफ्रेमवर आहे. सपोर्टला. बाकीचे मित्र नव्या टेक्नॉलॉजीत गेले. माझ्या वाट्याला जुनं आलं.”

ज्याच्या घरात पहिल्यांदाच पदवी आली त्या पोराने आपले काम सांगताना मान खाली का घालावी? हा प्रश्न घेऊन आम्ही घरी आलो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात अशी कामे करणारी मुले-मुली कितीतरी आहेत. त्यात दापोडी, येरवडा, ताडीवाला रोड, रामटेकडी, निगडीच्या वस्त्यांतून शिकून वर आलेली आमचीही मुले आहेत. त्यांच्या आईबापांना ‘पोरगं कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढेच ठाऊक असते. हे काम नेमके काय आहे, त्याचा पगार किती, त्यात पुढे काय आहे, याविषयी आमच्या वृत्तपत्रांतून सहसा चर्चा होत नाही. म्हणून आज या स्तंभात तोच विषय घेत आहोत.

मेनफ्रेम म्हणजे मोठा संगणक. टेबलावरच्या संगणकाशी त्याची तुलना नाही. एका वेळी लाखो माणसांचे हिशोब न चुकता करायचे आणि वर्षानुवर्षे बंद पडायचे नाही, एवढ्यासाठीच तो बांधलेला असतो. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम-३६० ही मालिका जाहीर केली आणि तेथून आजच्या मेनफ्रेमचा वंश सुरू झाला. त्याची मुख्य भाषा कोबोल. ती १९५९ मध्ये आखली गेली. ग्रेस हॉपर या महिला संशोधकाच्या आधीच्या कामाचा त्या भाषेवर मोठा प्रभाव आहे. साध्या इंग्रजी वाक्यांसारखी ही भाषा व्यापार आणि हिशोब यासाठीच घडविली गेली.

कोणाला वाटेल, साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आज कशाला? तर आजही अमेरिका-युरोपातील मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती याच यंत्रांवर चालतात. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार तेव्हा जगात कोबोलच्या सुमारे २२ हजार कोटी ओळी वापरात होत्या. अमेरिकेच्या आयकर खात्याची करदात्यांची मुख्य नोंदवही १९६० च्या दशकात उभारलेल्या प्रणालीवर दशकानुदशके चालत आली. यंत्रेही जुनी राहिलेली नाहीत. आयबीएमने एप्रिल २०२५ मध्ये झेड-१७ हे नवे मेनफ्रेम जाहीर केले. म्हणजे लोखंड नवे आहे. जुने आहेत ते त्यावर चालणारे प्रोग्राम, आणि त्या प्रोग्रामची राखण आमची पोरे करतात.

भारतातील बहुतेक बँकांत संगणक उशिरा आला आणि तो आला तेव्हा नवी प्रणाली घेऊनच आला. त्यामुळे पुण्यात बसून मेनफ्रेम सांभाळणारा तरुण बहुधा परदेशी बँकेचे घर सांभाळत असतो. अमेरिकेत मध्यरात्र झाली की त्या बँकांचे दिवसभराचे हिशोब एकामागून एक चालू लागतात. त्याला बॅच म्हणतात. तेव्हा पुण्यात सकाळचे साडेनऊ-साडेदहा वाजलेले असतात. मध्येच एखादा प्रोग्राम कोसळतो. जिथे आकडा हवा तिथे भलतेच अक्षर आले की ‘एस-झिरो-सी-सेव्हन’ नावाची चूक पडद्यावर येते आणि पुढचे सारे काम अडून बसते. मग लाखो ओळींतून ती एक नोंद शोधायची, दुरुस्त करायची आणि बँक उघडण्यापूर्वी गाडी रुळावर आणायची. इकडे संध्याकाळ झाली की तिकडची कार्यालये उघडतात आणि फोन सुरू होतात. सकाळही कंपनीची आणि रात्रही कंपनीचीच!

आता पुण्याचा आणि या यंत्रांचा संबंध किती जुना आहे तोही पाहू. आयसीएल या ब्रिटिश संगणक कंपनीची भारतीय शाखा १९६३ पासून पुण्यात यंत्रे बनवीत होती. आजची झेन्सार ही कंपनी त्याच शाखेचा वारसा सांगते. संगणक आला तर माणसांच्या नोकऱ्या जातील या भीतीने १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात कामगारांचे मोठे आंदोलन झाले. त्यानंतर केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर जी समिती नेमली तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर होते. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. १९८१ मध्ये टाटांचे संगणक संशोधन केंद्र पुण्यात उभे राहिले. त्याच वर्षी इन्फोसिसची स्थापनाही पुण्यातच झाली. १९८८ मध्ये सी-डॅक आले. या साऱ्या काळात आमचा समाज कोठे होता? खडकीच्या आणि देहूरोडच्या डेपोत, रेल्वेत, नगरपालिकेच्या झाडूखात्यात! संगणकाच्या खोलीत साफसफाईला आमचा माणूस जात होता, पण कळफलकावर त्याचा हात पडत नव्हता.

येथे एक गोष्ट चळवळीने विसरू नये. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील कारभार गुंडाळला. तिने येथे बसविलेल्या यंत्रांच्या देखभालीचे काम सीएमसी या केंद्र सरकारच्या कंपनीकडे आले. सरकारी कंपनी म्हणजे तेथे आरक्षण होते, बिंदुनामावली होती, अनुशेषाचा जाब विचारता येत होता. म्हणजे या देशात मेनफ्रेमच्या देखभालीच्या कामात आरक्षण लागू होते! २००१ मध्ये केंद्र सरकारने सीएमसीतील ५१ टक्के हिस्सा टाटा समूहाला विकला. २०१५ मध्ये ती कंपनी टीसीएसमध्ये विलीन झाली. काम राहिले, यंत्रे राहिली, नफा राहिला. आरक्षण मात्र गेले. खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण या ‘खाउजा’ धोरणाने आमच्या ताटातून काय उचलले हे विचारणाऱ्यांना एवढे एकच उदाहरण पुरेसे आहे.

तरीही आमची मुले या क्षेत्रात आली. सन २००० च्या तोंडावर जुन्या प्रोग्राममधील सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची सवय जगाच्या अंगलट आली. २००० साल हे १९०० समजले जाईल म्हणून कोट्यवधी ओळी तपासायच्या होत्या आणि ते काम भारताकडे आले. त्यातून हिंजवडी, तळवडे, खराडी फुलले. पाठोपाठ सवलतीच्या फीवर आणि शिष्यवृत्तीवर शिकून मराठवाडा, विदर्भ, खानदेशातील आमची पहिली अभियंता पिढी पुण्यात उतरली. ही बाबासाहेबांच्या घटनेची पुण्याई आहे, कोणा कंपनीची मेहेरबानी नव्हे.

पण दरवाजातून आत गेल्यावर कोणत्या खोलीत बसवले जाते? मोठ्या कंपनीत भरती झालेल्या मुलाला आपले तंत्रज्ञान सहसा निवडता येत नाही. दोन-तीन महिन्यांचे प्रशिक्षण होते आणि ज्या प्रोजेक्टला माणूस हवा तेथे पाठवणी होते. ज्याच्या मामाचा-काकाचा माणूस वर बसलेला आहे, ज्याला इंग्रजीत गोड बोलून साहेबाकडून प्रोजेक्ट बदलून घेता येतो, तो नव्या कामाकडे सरकतो. ज्याचे कोणी नाही तो मिळेल ते मुकाट्याने घेतो. ‘येथे फक्त गुणवत्ता पाहिली जाते’ असे सांगणाऱ्यांनी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचावा. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे हजारो अर्ज पाठविले; फरक होता तो फक्त आडनावाचा. उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने दलित आडनावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक-तृतीयांशाने कमी निघाली. आता सांगा, आडनावाला गुणवत्ता असते काय?

वाचकांना मुंबईच्या गिरण्या आठवत असतील. तेथे विणकाम खात्यात पगार जास्त होता. पण तुटलेला धागा जोडताना तोंड लावावे लागते, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना त्या खात्याबाहेर ठेवले जाई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला आणि विणकाम खाते आमच्या लोकांना खुले करण्याची मागणी मांडायला लावली. गिरणीत नुसता प्रवेश मिळून भागत नाही, कोणत्या खात्यात प्रवेश मिळतो यावर पोटाची भाकरी ठरते, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते. आजच्या संगणक कंपनीत विटाळ कोणी बोलून दाखवीत नाही. परंतु कोणाला कोणते खाते मिळाले याची जातवार माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधनही कोणत्या खाजगी कंपनीवर नाही. न मोजलेला अन्याय हा अन्याय नसतो, असेच या व्यवस्थेला वाटते!

आता पगाराकडे येऊ. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या अभियंत्याला वर्षाला साधारण साडेतीन लाख रुपये मिळतात. दहा-बारा वर्षांपूर्वी ही रक्कम सव्वातीन लाखांच्या आसपास होती. याच काळात पुण्यातील खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवासाचा खर्च कोठे गेला ते कोणत्याही कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला विचारा. २०२४ मध्ये कॉग्निझंटने साध्या पदवीधरांसाठी वर्षाला २ लाख ५२ हजारांची जाहिरात काढली तेव्हा देशभर टीका झाली. २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांचे नियुक्तीपत्र दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले होते. नव्या पदवीधराची किंमत अशी ठरते.

एक हिशोब मांडून पाहू. समजा, परदेशी बँकेकडून कंपनी त्या तरुणाच्या कामाचे तासाला २० डॉलर घेते. महिन्याचे १६० तास धरले तर ३,२०० डॉलर झाले. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी २ लाख ७२ हजार रुपये होतात. वर्षाला ३ लाख ३६ हजार पगार असलेल्या मुलाच्या खात्यावर महिन्याला, सर्व कपातीपूर्वी, २८ हजार येतात. म्हणजे दहा रुपयांतला एक! इमारत, वीज, गाडी, साहेबांचे पगार, रिकाम्या बसलेल्या माणसांचा खर्च हे सारे मान्य केले, तरी मधल्या रकमेचा हिशोब विचारण्याचा अधिकार काम करणाऱ्याला आहे की नाही? अमेरिकेत प्रोग्रामरचा मध्यम पगार वर्षाला लाख डॉलरच्या घरात आहे, हेही ध्यानात ठेवावे.

एखाद्या वस्तूची टंचाई झाली की भाव वाढतो, असे अर्थशास्त्र सांगते. मेनफ्रेम जाणणाऱ्यांची टंचाई तर खरीच आहे. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत अमेरिकेतील न्यूजर्सी राज्यात बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा ढीग पडला, चाळीस वर्षांहून जुनी प्रणाली गुदमरली आणि राज्याच्या गव्हर्नरांनी दूरदर्शनवरून कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीची हाक दिली. जाणती पिढी निवृत्त होत आहे आणि नवी महाविद्यालये हा विषय शिकवीत नाहीत. मग भाव का वाढत नाही? कारण टंचाईचा भाव कंपनीला मिळतो, कामगाराला नाही. काम करणारा बाजारात एकटा उभा असतो. वर ९० दिवसांच्या नोटिशीची अट आणि काही ठिकाणी बाँड. शिवाय एकाच बँकेच्या एकाच प्रणालीवर आठ-दहा वर्षे घालविलेल्या माणसाचे ज्ञान त्या घरातच मोलाचे असते. दुसऱ्या दारात त्याला पुन्हा नवशिक्या ठरविले जाते. मालकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच पाच-सात वर्षांनी पगारात खरी वाढ होते ती बहुधा कंपनी बदलणाऱ्याची. इमानाने बसून राहिलेल्याच्या हाती शाबासकीचे प्रमाणपत्र येते.

इथेच आम्हास महारांचे वतन आठवते. गावाची सीव राखायची, वेशीवर पहारा द्यायचा, गोळा झालेला सरकारी सारा तालुक्याच्या खजिन्यात बिनबोभाट पोहोचवायचा. जगातील कोणतेही काम यापेक्षा जबाबदारीचे काय असेल? लाखांचा खजिना ज्याच्या विश्वासावर जाई, त्याला गावाच्या वेशीबाहेर ठेवले होते. मोबदला काय, तर तुटपुंजी जमीन आणि बलुत्याची भाकरी. आणि सांगितले काय जाई? हे तुमचे हक्काचे काम आहे, पिढ्यानपिढ्या कोणी काढून घेणार नाही! बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच फसव्या ‘कायमपणा’विरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने ती वतने संपली. कायमचे काम आणि सन्मानाचे काम यातला फरक त्यांनी आम्हाला शिकविला.

ही तुलना शब्दशः घेऊ नये. आजचा तरुण राजीनामा देऊ शकतो, वतनदार महाराला ती मुभा नव्हती. पण ‘मेनफ्रेम कधी मरत नाही, तुझी नोकरी कायम’ असे साहेब सांगतो तेव्हा त्या बोलण्यातला जुना सूर ओळखता आला पाहिजे. जगाच्या खजिन्याची राखण करणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. आणि काम कायमचे आहे म्हणून पडेल त्या दामात राबण्याचेही कारण नाही. नवे बांधणारा तो श्रेष्ठ आणि बांधलेले नीट ठेवणारा तो कनिष्ठ, ही उतरंड या देशात कोठून आली हे आमच्या सुज्ञ वाचकांना सांगणे न लगे.

मग पुढे काय? ‘कायम’ हा शब्दही आता खरा राहिलेला नाही. एकीकडे ही यंत्रे काढून टाकणे वाटते तेवढे सोपे नाही. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपले ग्राहक जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर नेले आणि जवळजवळ १९ लाख ग्राहकांना आपलेच खाते उघडता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये त्या बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. असे धडे पाहून बँका पाऊल जपून टाकतात. दुसरीकडे, ऑगस्ट २०२३ मध्ये आयबीएमने कोबोलचे जावा या भाषेत रूपांतर करण्यास साहाय्य करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन जाहीर केले. तेव्हापासून अशी साधने वाढतच आहेत. जुना प्रोग्राम वाचून त्याचा अर्थ सांगणे, चाचणी लिहिणे, साधी दुरुस्ती करणे ही नवशिक्या मुलांची कामे यंत्र करू लागले आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. परदेशी जाऊन चार पैसे गाठीला बांधण्याची वाटही अरुंद झाली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी व्हिसा अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले.

तेव्हा आमचे तरुणांना सांगणे असे. मेनफ्रेम वाट्याला आली म्हणून रडू नका आणि त्यात झोपूही नका. यंत्र ओळी वाचील. पण १९८७ साली विम्याच्या हप्त्यात अमुक सूट का घातली, ती काढली तर कोणत्या खातेदाराचे काय होईल, हे जाणणारा माणूस लागतोच. म्हणून नुसत्या भाषेवर थांबू नका, धंदा शिका. बँकेचे कर्ज, विम्याचा दावा, कार्डाचा व्यवहार कसा चालतो ते मुळापासून समजून घ्या. जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नेण्याच्या कामात पुढे होऊन शिरा. दोन्ही घरे पाहिलेल्या माणसाला मागणी आहे. प्रोग्राम दुरुस्त करणारे पुष्कळ, परंतु मेनफ्रेमची मूळ कार्यप्रणाली, तिची सुरक्षा आणि वेग सांभाळणारे सिस्टीम प्रोग्रामर मोजके असतात. त्यांची बाजारात किंमत अधिक असते. पुण्यात बार्कलेज, डॉइश बँक, बीएनवाय, मास्टरकार्ड अशा वित्तसंस्थांची स्वतःची केंद्रे आहेत, मेनफ्रेमची साधने बनविणाऱ्या बीएमसी सॉफ्टवेअरचेही आहे. मधल्या कंत्राटदार कंपनीपेक्षा अशा ठिकाणी अनुभवी माणसाला सहसा बरा पगार मिळतो. तेथवर पोहोचण्याची तयारी पहिल्या दोन-तीन वर्षांतच सुरू करा.

आईबापांनाही एक विनंती. ‘मेनफ्रेमचा कोर्स करा, शंभर टक्के नोकरी’ अशी पाटी पाहून कर्ज काढून हजारो रुपये भरू नका. आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा मेनफ्रेम शिकविणारा उपक्रम विनामूल्य आहे. ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टचा कोबोलचा अभ्यासक्रमही विनामूल्य आहे. विहाराच्या अभ्यासिकेत दोन संगणक आणि इंटरनेट असेल तर मुले तेथे बसून खऱ्या मेनफ्रेमवर हात साफ करू शकतात. पहिल्या पगाराची चार मुले रविवारी येऊन शिकवतील तर सोन्याहून पिवळे. आम्ही जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जे उडवितो, त्यात अशी एक अभ्यासिका वर्षभर चालेल, हे कटू असले तरी सत्य आहे.

परंतु एकेका मुलाने हुशार होऊन हा प्रश्न सुटणार नाही. बार्टीचे मुख्यालय पुण्यातच आहे. हिंजवडी आणि खराडी तिच्या दारापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. स्पर्धा परीक्षांच्या जोडीला तिने या क्षेत्रातील प्रशिक्षण आणि कंपन्यांशी थेट भरतीचा करार हाती घ्यावा, अशी मागणी चळवळीने रेटली पाहिजे. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा मुद्दा २००४ च्या केंद्र सरकारच्या किमान समान कार्यक्रमात आला होता. २००६ मध्ये उद्योगपतींनी जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलामार्फत ‘आम्ही स्वेच्छेने करू’ असे सांगून तो टाळला. स्वेच्छेची दोन दशके झाली! आता निदान एवढे तरी कायद्याने करा: शासनाची जमीन आणि सवलत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने भरती, पगार आणि कामाचे खाते यांची जातवार आकडेवारी दरवर्षी जाहीर केली पाहिजे. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला, २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. अमेरिकेला जे दिसते ते मुंबईच्या मंत्रालयाला दिसू नये काय?

आणि संघटना! संगणक कंपनीत युनियन शोभत नाही, आम्ही काय कामगार आहोत काय, असे आमचीच शिकलेली मुले म्हणतात तेव्हा वाईट वाटते. गळ्यात पट्टा अडकवला म्हणून कामगाराचा मालक होत नाही. पुण्यातील नाईट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कपातीच्या आणि रखडलेल्या नियुक्त्यांच्या प्रश्नांवर कामगार मंत्रालयाची दारे ठोठावीत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत नियुक्तीपत्र आणि वेळेवर वेतन हे हक्क आहेत. पण कपात आणि संप यांविषयीच्या तरतुदी मालकाकडे झुकलेल्या आहेत. दोन्ही बाजू वाचा, समजून घ्या, आणि ज्या संघटनेत जाल तेथे जातीचा प्रश्न मांडायला कचरू नका. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. आयटी पार्कच्या काचेच्या भिंतीमागे ते दोघे एकाच टेबलावर बसलेले आहेत.

देहूरोडच्या त्या तरुणाला आम्ही निरोप देताना विचारले, “तुझा प्रोग्राम एक रात्र बंद पडला तर काय होईल?” तो विचारात पडला. म्हणाला, “त्या बँकेच्या लाखो लोकांचे पगार जमा होणार नाहीत.” आम्ही म्हटले, “मग बाळा, ज्याच्या हातावर लाखोंचे पगार अवलंबून आहेत, त्याने आपल्या पगाराविषयी बोलताना मान वर ठेवावी.” तो हसला. स्टॉलवरून त्याने एक पुस्तक विकत घेतले आणि गर्दीत मिसळून गेला.

त्याच्यासारख्या प्रत्येकाने राखण जरूर करावी, पण वतनदार म्हणून नव्हे. आपल्या ज्ञानाचा मालक म्हणून, आणि आपल्यासारख्या इतरांच्या खांद्याला खांदा लावून.

जय भीम!